द्वेषाचा रकाना

ठाण्यातल्या कुठल्याही पोलिस ठाण्यात फिर्याद द्यायला गेलात की प्रथम खबरेचा (एफआयआर) छापील नमुना समोर येतो. कायदा कोणता, कलम कोणते, घटना किती वाजता घडली, जागा पोलिस ठाण्यापासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला, सगळ्याला रकाने आहेत. ‘का’ मारले, याला नाही. ते शेवटच्या हकिकतीत येते, तेही अंमलदाराने उतरवून घेतले तर.

‘हेट क्राइम’, म्हणजे द्वेषापोटी केलेला गुन्हा, हा शब्द आपल्या बातम्यांत रुळला, पण भारतीय फौजदारी कायद्यात त्याची व्याख्या नाही. अमेरिकेने १९९०मध्ये अशा गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करण्याचा वेगळा कायदा केला. ब्रिटनमध्ये १९९९च्या मॅकफर्सन अहवालाने सांगितले, की एखादी घटना पीडिताला किंवा इतर कुणालाही वंशद्वेषी वाटली, तर तिची नोंद तशीच व्हावी. म्हणजे द्वेष होता की नाही हे ठरवण्याची सुरुवात पीडिताच्या तोंडून. आपल्याकडे ती कलमापासून होते.

त्यातले ठळक कलम म्हणजे भारतीय दंड संहितेतले १५३ अ. ते १८९८चे. आदल्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली होती. सरकारने राजद्रोहाचे कलम नव्याने लिहिले आणि त्याच दुरुस्तीत समाजगटांत शत्रुत्व पसरवण्याचा हा गुन्हा आणला. त्यामागे चिंता बंदोबस्ताची होती, मार खाणाऱ्याची नव्हे. ती घडण अजून गेलेली नाही. आज हेच कलम भारतीय न्याय संहितेत १९६ क्रमांकाने आहे. गुन्हा पोलिस नोंदवतात, पण सरकारची मंजुरी आल्याशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही. भाषण गावभर ऐकलेले असते आणि फाइल मंजुरीची वाट बघत बसते.

आपल्या ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा इतिहास भिवंडीपासून सांगावा लागतो. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि पाठोपाठ जळगाव आणि महाडही पेटले. चौकशीसाठी न्या. डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. दंगल कशी पेटली याचा तपशील आयोगाने काढलाच, पण मला त्या अहवालाचा सर्वांत बोचरा भाग वाटतो तो दंगलीनंतरच्या कागदपत्रांवरचा. गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांनी खास पथक नेमले होते. आयोगाने त्या पथकाचे काम तपासले आणि ते धार्मिक पक्षपाताचा नमुनाच असल्याचा ठपका ठेवला. दोषी कोण, निर्दोष कोण हे न बघता जितके मुस्लिम गोवता येतील तितके गोवायचे आणि जितके हिंदू सोडवता येतील तितके सोडवायचे, अशी ती रीत होती. जाळपोळ काही दिवसांची. ही लिखापढी शांतपणे, टेबलावर बसून झालेली. दंगल काबूत आणता येते. चुकीचा जबाब मात्र वर्षानुवर्षे न्यायालयात उभा राहतो.

१९८४च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतरचा उपाय कायद्याच्या पुस्तकातला नव्हता. १९८८मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे आणि त्या भागातला पोलिस एकत्र बसायचे, नळावरच्या भांडणापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंत बोलायचे. १९९२-९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. कुठल्याही आकडेवारीत ही नोंद सापडत नाही, कारण न झालेल्या दंगलीचा गुन्हा नोंदवत नाहीत.

हेतूला कायद्यात थेट जागा मिळाली ती जातीच्या बाबतीत. १९५५चा अस्पृश्यताविरोधी कायदा अपुरा पडला, म्हणून १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, बोलीभाषेत ‘अॅट्रॉसिटी’. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू आहे. विशेष न्यायालय, उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे तपास, पीडिताला टप्प्याटप्प्याने अर्थसहाय्य, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या द्वेषगुन्ह्याला नाही. तरी ‘का’ इथेही अडला. खैरलांजीतल्या दलित कुटुंबाचे हत्याकांड २००६चे. विशेष न्यायालयाने २००८मध्ये आरोपींना खुनासाठी दोषी धरले, पण अॅट्रॉसिटी लावली नाही. उच्च न्यायालयानेही २०१०मध्ये हत्यांमागे सूड पाहिला, जात नाही. मूळ कायद्यातल्या गंभीर गुन्ह्यांच्या कलमात ‘जातीच्या कारणावरून’ केल्याचे सिद्ध करावे लागे. २०१५च्या दुरुस्तीने तिथे पीडिताची जात ‘माहीत असताना’ असे शब्द घातले, आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. दोन-तीन शब्दांचाच फरक, पण पुराव्याचे ओझे हलले.

धर्म, भाषा, प्रांत यांच्या बाबतीत असे काही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत खुनाच्या कारणांमध्ये जातीयवाद आणि धर्म येतात, दंगलींचीही तशी विभागणी असते. पण थप्पड, धमकी, फोडलेला गाळा यांचे कारण कुठेच मोजले जात नाही. शिवाय एका प्रथम खबरेत अनेक कलमे असली तरी मोजणीत सर्वांत गंभीर तेवढे एकच धरतात, म्हणजे दुखापतीसोबत लावलेले द्वेषाचे कलम तिथेच गळून पडते. २०१७मध्ये जमावहत्येची माहिती मागवली गेली, पण पुढे आकडे भरवशाचे नसल्याचे सांगून सरकारने ते थांबवले.

१७ जुलै २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जमावहिंसेसाठी समन्वयक अधिकारी नेमायला सांगितले आणि वेगळ्या कायद्याची शिफारस केली. धुळ्यातल्या राईनपाड्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. तिथे मुले पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केले होते. देशभरासाठी वेगळा कायदा काही झाला नाही. १ जुलै २०२४ पासून मात्र न्याय संहितेच्या कलम १०३च्या पोटकलम २ने पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशी ठरवली. ‘धर्म’ हा शब्द त्या यादीत नाही. ‘समुदाय’, ‘श्रद्धा’ किंवा ‘तत्सम कारण’ यात तो बसवावा लागेल. आणि मारणारे चार असले, तर हे पोटकलम लागतच नाही.

कोर्टनाक्यावर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ अॅट्रॉसिटीच्या फिर्यादीची प्रत घेऊन कुणी उभा असेल, तर जाणता वकील आधी कलमे वाचत नाही. तो हकिकतीवर बोट ठेवून विचारतो, “शिवी जशी दिली तशीच लिहिलीय, की नुसतं ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढंच?”