डिसरिपेअर दावा (इंग्लंडमधील सामाजिक घरे)

इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलच्या किंवा ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहणारा भाडेकरू, कळवूनही घराची दुरुस्ती झाली नाही म्हणून मालकसंस्थेविरुद्ध जी दिवाणी मागणी करतो, तिला ‘डिसरिपेअर दावा’ म्हणतात. यात दोन मागण्या जोडीने येतात : दुरुस्ती करून मिळावी ही एक, आणि नादुरुस्त घरात काढलेल्या काळाची भरपाई मिळावी ही दुसरी. वकिलांच्या जाहिरातींत दुसरीचाच गाजावाजा असतो; परंतु भाडेकरूची खरी नड बहुधा पहिलीच असते. इंग्लंडमध्ये अशी सुमारे ४० लाख घरे असून साधारणपणे दर सहा कुटुंबांपैकी एक कुटुंब त्यांत राहते. भाडे बाजारभावापेक्षा कमी असते आणि प्रतीक्षायादी अनेक ठिकाणी काही वर्षांची असते. त्यामुळे घर गळते म्हणून ते सोडून दुसरे पाहावे, ही वाट या भाडेकरूला जवळजवळ बंदच असते, आणि म्हणूनच त्याच्या हातात दावा हे हत्यार राहते.

कायदेशीर पाया : दाव्याचा मुख्य आधार म्हणजे ‘लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट, १९८५’ या कायद्याचे कलम ११. त्याचे मूळ १९६१ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये आहे. करारात लिहिलेले असो वा नसो, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात, आणि आठवड्याने वा महिन्याने चालू राहणाऱ्या भाडेपट्ट्यातही, मालकाची काही कर्तव्ये या कलमामुळे आपोआप समाविष्ट होतात. इमारतीचा सांगाडा व बाहेरील भाग, पन्हळी व सांडपाण्याचे नळ, पाणी, गॅस आणि वीज यांची जोडणी, मोरी, न्हाणीघर व शौचकूप, तसेच घर उबदार ठेवण्याची व पाणी तापवण्याची यंत्रणा सुस्थितीत ठेवणे ही ती कर्तव्ये होत. भिंतीचा गिलावा हा सांगाड्याचाच भाग मानावा, असे अपील न्यायालयाने २०११ मध्ये ‘ग्रँड विरुद्ध गिल’ या खटल्यात ठरवले. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या निर्णयाचा व्यवहारात मोठा उपयोग होतो, कारण ओलीने पहिल्यांदा फुगतो आणि झडतो तो गिलावाच.

घरात दोष आहे एवढ्यानेच मालक जबाबदार ठरत नाही. भाडेकरूच्या ताब्यातील भागाबाबत दोषाची खबर मालकाला मिळाली पाहिजे आणि त्यानंतर वाजवी काळ लोटला पाहिजे. ‘ओब्रायन विरुद्ध रॉबिन्सन’ या १९७३ च्या खटल्यात छत कोसळून भाडेकरू जखमी झाले होते. परंतु छतातील दोष आधी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता आणि मालकाला त्याची सूचना मिळाली नव्हती, म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) मालकाला मुक्त केले. तेव्हापासून तक्रार केव्हा केली आणि ती कशी सिद्ध करता येते, हा प्रत्येक दाव्याचा कणा झाला आहे. फोनवर तक्रार केल्यास तिचा क्रमांक टिपून ठेवणे, तारखेसह छायाचित्रे काढणे, येतो म्हणून न आलेल्या कारागिराच्या भेटीची नोंद करणे, असे भाडेकरूंना सांगितले जाते ते याच कारणाने.

मोडलेले आणि मुळातच वाईट बांधलेले : कलम ११ मध्ये एक मोठी फट होती आणि नेमकी त्या फटीतच बुरशी वाढली. ‘डिसरिपेअर’ म्हणजे पूर्वी चांगली असलेली गोष्ट बिघडणे. ज्या घराची रचनाच सदोष आहे, ते घर राहण्यास अयोग्य असूनही या अर्थाने नादुरुस्त ठरत नाही. १९८५ मध्ये वेल्समधील ‘क्विक विरुद्ध टॅफ ईली बरो कौन्सिल’ या खटल्यात हे उघडे पडले. कौन्सिलच्या त्या घराला एकेरी काचेच्या, धातूच्या चौकटीच्या खिडक्या होत्या. थंडीत आतली वाफ गार चौकटींवर व भिंतींवर इतकी साचे की अंथरूण, कपडे आणि लाकडी सामान कुजून जाई. तरीही, खिडक्या मोडलेल्या नाहीत, त्या पहिल्यापासून तशाच आहेत, असे म्हणून अपील न्यायालयाने मालकाची जबाबदारी नाकारली. कायद्याच्या तर्कात हा निर्णय बसतो. कुजलेल्या गादीवर झोपणाऱ्याला मात्र बिघाड आणि वाईट रचना यांतला भेद समजावून सांगणे कठीण आहे.

वस्तुतः भाड्याचे घर मनुष्यवस्तीस योग्य असले पाहिजे, ही अट इंग्रजी कायद्यात १८८५ पासून होती. परंतु ती ठरावीक भाड्याच्या आतील घरांनाच लागू होती, आणि ही मर्यादा १९५७ नंतर वाढवलीच गेली नाही. १९८५ च्या कायद्यातही ती लंडनमध्ये वर्षाला ८० पौंड व इतरत्र ५२ पौंड अशीच उतरवली गेली. वर्षाला ५२ पौंड म्हणजे आठवड्याला एक पौंड. इतक्या भाड्याचे घर उरले नव्हते, त्यामुळे तरतूद पुस्तकात होती आणि उपयोगात नव्हती. खासदार कॅरेन बक यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून ‘होम्स (फिटनेस फॉर ह्यूमन हॅबिटेशन) ॲक्ट, २०१८’ हा कायदा झाला आणि भाड्याची ती मर्यादा इंग्लंडपुरती संपली. नव्या भाडेकरारांना तो २० मार्च २०१९ पासून आणि आधीपासून चालू असलेल्या नियतकालिक करारांना २० मार्च २०२० पासून लागू झाला. ओल, थंडी, अपुरा उजेड, आगीचा धोका इत्यादी २९ प्रकारचे धोके योग्यता ठरवताना विचारात घेतले जातात. दोष बिघाडातून आला की रचनेतून, हा प्रश्न आता बव्हंशी गौण झाला आहे.

दाव्याची वाटचाल : न्यायालयात जाण्यापूर्वी ‘प्री-ॲक्शन प्रोटोकॉल’ म्हणून ओळखली जाणारी कार्यपद्धती पाळावी लागते. भाडेकरू किंवा त्याचा वकील दोषांची यादी, तक्रारींचा इतिहास आणि झालेले परिणाम नमूद करून दाव्याचे पत्र पाठवतो. त्याला २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणे अपेक्षित असते. त्यानंतर शक्यतो दोन्ही पक्षांना मान्य असलेला एकच तज्ज्ञ घर पाहण्यास येतो. दोन सुयांचे आर्द्रतामापक भिंतीत टोचून तो आकडे वाचतो, कपाट पुढे ओढून मागची काळी पडलेली भिंत पाहतो, वास येतो का हे नोंदवतो, आणि ओल बाहेरून झिरपते, जमिनीतून चढते की आतल्या वाफेची आहे, याविषयी मत देतो. वादाचा निकाल बहुधा या मतावर ठरतो. ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळत घालता’ हे मालकसंस्थांचे ठरलेले उत्तर आहे. भाडेकरूंच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या हाउसिंग ओम्बड्समन या यंत्रणेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ओल व बुरशीवर काढलेल्या अहवालाच्या शीर्षकातच, हा राहणीमानाचा प्रश्न नाही, असे बजावले होते.

तज्ज्ञाच्या अहवालावरून कामांची यादी तयार होते आणि बहुसंख्य प्रकरणे तडजोडीने मिटतात. न मिटल्यास प्रकरण काउंटी कोर्ट या स्थानिक दिवाणी न्यायालयात जाते. न्यायालय १९८५ च्या कायद्याच्या कलम १७ खाली दुरुस्ती करण्याचा थेट आदेश देऊ शकते. करारभंगाच्या दाव्याला सहा वर्षांची आणि शारीरिक इजेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे.

भरपाईचा हिशेब : भरपाईची रक्कम भाड्याच्या प्रमाणात काढण्याची रूढी आहे. घराचा जितका उपभोग कमी झाला तितक्या टक्के भाडे परत, असा ढोबळ विचार त्यामागे असतो. उदाहरणार्थ, आठवड्याला १२० पौंड भाडे असलेल्या घरातील एक खोली ओलीमुळे वापरता आली नाही आणि न्यायालयाने २५ टक्के प्रमाण धरले, तर आठवड्याला ३० पौंडांप्रमाणे ८० आठवड्यांचे २,४०० पौंड होतात. ‘वॉलेस विरुद्ध मँचेस्टर सिटी कौन्सिल’ (१९९८) या निर्णयात अशा प्रकरणांसाठी वर्षाला १,००० ते २,७५० पौंड असा अनौपचारिक पट्टा नोंदवला गेला. भरपाई सहसा भाड्याच्या रकमेपेक्षा अधिक नसावी, असे २००४ च्या ‘इंग्लिश चर्चेस हाउसिंग ग्रुप विरुद्ध शाइन’ या खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले. सामाजिक घरांचे भाडे कमी असल्यामुळे त्यांतील भाडेकरूची भरपाईही कमी ठरते. तीच ओल खासगी भाड्याच्या महागड्या घरात अधिक किमतीची होते, हा या पद्धतीतील अंगभूत विरोधाभास आहे. भाडे सरकारी भत्त्यातून भरले जात असले तरी भरपाईचा हक्क कमी होत नाही. कुजलेले पडदे, गाद्या, कपडे यांची किंमत, ओल शोषणाऱ्या यंत्राचा विजेचा खर्च आणि दम्यासारखा आजार बळावल्यास त्याची भरपाई वेगळी मागता येते.

भाडे थकलेले असल्यास भरपाई प्रथम त्यातून वळती केली जाते. घर खाली करून घेण्याच्या मालकाच्या दाव्यात भाडेकरूने प्रतिदावा म्हणून नादुरुस्तीचा मुद्दा मांडणे, हेही नित्याचे आहे. स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वजा करण्याची मुभा इंग्लंडमध्ये ‘ली-पार्कर विरुद्ध इझेट’ (१९७१) या निर्णयाने दिली. महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना अनोळखी नाही : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार मालकाने नोटिशीनंतर १५ दिवसांत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून घेऊ शकतो, मात्र एका वर्षात वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच रक्कम वळती करता येते.

वकील आणि हजार पौंडांची रेषा : एप्रिल २०१३ पासून सरकारी कायदेविषयक मदत फार आकसली. आरोग्याला गंभीर धोका असेल तरच, आणि तीही दुरुस्तीच्या मागणीपुरती, ती मिळते. भरपाईसाठी मिळत नाही. ही पोकळी ‘जिंकलो नाही तर फी नाही’ या अटीवर काम करणाऱ्या वकिलांनी भरली. दुरुस्तीचा अंदाजित खर्च किंवा भरपाई यांपैकी एखादी रक्कम १,००० पौंडांहून अधिक असेल, तरच दावा लहान दाव्यांच्या वर्गाबाहेर जातो आणि हरलेल्या पक्षाकडून वकिलाचा खर्च वसूल होतो. साहजिकच या रेषेच्या वरची घरे शोधत दारोदार फिरणाऱ्या मध्यस्थ कंपन्या निघाल्या. मालकसंस्था त्यांना ‘क्लेम फार्मर’ (दाव्यांची शेती करणारे) म्हणून हिणवतात आणि दुरुस्तीचा पैसा वकिलांच्या फीत जातो अशी तक्रार करतात. तक्रार निराधार नाही. पण वेळीच दुरुस्त झालेल्या घराच्या दारात मध्यस्थाला पीक मिळत नाही, हेही तितकेच खरे.

अवाबचा कायदा : डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा श्वसनविकाराने मरण पावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संसर्गाने हा मृत्यू झाल्याचा निष्कर्ष कॉरोनरने (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जाहीर केला. वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती आणि त्यांना रंग मारून घ्या असे सांगण्यात आले होते. २०२० च्या जूनमध्ये कुटुंबाने वकिलामार्फत दावा सुरू केला. त्यावर, दाव्यात तडजोड होईपर्यंत काम हाती घ्यायचे नाही, या मालकसंस्थेच्या प्रथेमुळे दुरुस्ती अडली. घर दुरुस्त व्हावे म्हणून उचललेले पाऊलच दुरुस्ती थांबण्याचे कारण झाले. दावा चालू असला तरी दुरुस्ती थांबवू नये, असे ओम्बड्समनने २०२१ च्या अहवालातही म्हटले होते.

‘सोशल हाउसिंग (रेग्युलेशन) ॲक्ट, २०२३’ मधील या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद २७ ऑक्टोबर २०२५ पासून पहिल्या टप्प्यात अमलात आली. तातडीच्या धोक्याची पाहणी करून तो २४ तासांत दूर करणे, ओल व बुरशीचा लक्षणीय धोका असल्यास १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी करणे, तपासणीनंतर तीन कामकाजाच्या दिवसांत निष्कर्ष लेखी कळवणे आणि पाच कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करणे आता बंधनकारक आहे. ते जमत नसेल तर कुटुंबाला पर्यायी निवास द्यावा लागतो.

दाव्याखेरीज ओम्बड्समनकडे विनामूल्य तक्रार करता येते. तो दुरुस्तीचे आणि भरपाईचेही आदेश देतो, मात्र त्याआधी मालकसंस्थेची दोन टप्प्यांची तक्रारप्रक्रिया पूर्ण करावी लागते. कौन्सिलचा पर्यावरण-आरोग्य विभाग खासगी मालकांवर कारवाई करतो, पण स्वतःच्याच कौन्सिलला नोटीस बजावू शकत नाही. म्हणून कौन्सिलच्या भाडेकरूसाठी १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचे कलम ८२ उपयोगी पडते. २१ दिवसांची सूचना देऊन तो उपद्रवाबद्दल थेट मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतो.

अवाबच्या नावाच्या नव्या तरतुदीतील दिवसांची गणना कराराचाच भाग मानली जाते, त्यामुळे मुदत उलटल्यास भाडेकरू नेहमीप्रमाणे काउंटी कोर्टात करारभंगाचा दावा करू शकतो. मुदत पाळण्याचे सर्व वाजवी प्रयत्न आपण केले, हे सिद्ध करून मालकसंस्था बचाव करू शकते. कारागीर आला तेव्हा दार बंद होते, की तो आलाच नाही, या प्रश्नाला म्हणूनच पूर्वीपेक्षा अधिक वजन आले असून दोन्ही बाजू आपापल्या नोंदी त्या दृष्टीने ठेवू लागल्या आहेत.