बहुसदस्य एलएलसीचे करवर्गीकरण

बहुसदस्य एलएलसीचे करवर्गीकरण : अमेरिकेत दोन किंवा अधिक मालकांच्या मर्यादित दायित्व कंपनीला (एलएलसी) केंद्रीय आयकर कोणत्या पद्धतीने लागावा, याची मालकांनी करायची निवड. एलएलसी राज्याच्या कायद्याने स्थापन होते. असा पहिला कायदा वायोमिंगने १९७७ मध्ये केला. केंद्रीय आयकरात मात्र तिचा स्वतंत्र वर्ग नाही. १ जानेवारी १९९७ पासूनच्या ‘चेक-द-बॉक्स’ नियमांनी वर्ग ठरवणे मालकांवर सोडले.

काहीच कळवले नाही, तर कंपनी भागीदारी धरली जाते. ती फॉर्म १०६५ भरते, पण स्वतः आयकर देत नाही. प्रत्येकाचा वाटा के-१ पत्रकावर येतो आणि कर त्याच्या वैयक्तिक विवरणपत्रात लागतो, मग पैसे हातात पडलेले असोत वा नसोत. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असेल, तर नफा मालकीच्या प्रमाणाबाहेरही वाटता येतो. त्या वाटपामागे खरा आर्थिक व्यवहार मात्र हवा. बोचतो तो स्वयंरोजगार कर, म्हणजे सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांची वर्गणी : राबणाऱ्या सदस्याच्या वाट्यावर एका मर्यादेपर्यंत १५.३ टक्के.

तो वाचवायला अनेकजण फॉर्म २५५३ भरून ‘एस’ दर्जा घेतात; त्यात कंपनी कॉर्पोरेशन धरली जाते, पण नफ्यावरचा आयकर भागीदारीसारखा मालकांच्याच विवरणपत्रात लागतो. मग ही वर्गणी फक्त मालकाच्या पगारावर लागते, उरलेला नफा त्यातून सुटतो. पगार अर्थातच वाजवी हवा. आयोवातल्या एका अकाउंटंटने स्वतःला वर्षाला २४,००० डॉलर पगार लावून बाकी रक्कम नफा म्हणून उचलली. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्याचा पगार ९१,०४४ डॉलर धरणे कायम ठेवले.

‘एस’ला भागधारक १०० पेक्षा जास्त चालत नाहीत, नफा हिश्श्याच्या प्रमाणातच वाटावा लागतो आणि अनिवासी परदेशी नागरिक भागधारक होऊ शकत नाही. मराठी मंडळींची गाडी अडते ती इथेच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचा माणूस करापुरता निवासी असेल तर चालतो. पुण्यात राहणारा, ग्रीन कार्ड नसलेला त्याचा भाऊ चालत नाही. भागधारक भारतात परतून अनिवासी झाला, की दर्जा त्याच दिवशी संपतो. कंपनी तेव्हा आपोआप भागीदारी होत नाही, साधे कॉर्पोरेशन होते : नफ्यावर २१ टक्के कर, लाभांशावर पुन्हा वेगळा.

हे कॉर्पोरेशनपण फॉर्म ८८३२ भरून मुद्दामही घेता येते; नफा धंद्यातच ठेवणाऱ्यांना ते कधी परवडते. निवड ७५ दिवसांपर्यंत मागच्या तारखेपासून लागू करता येते. ती बदलल्यावर पुढला बदल साधारणपणे ६० महिन्यांनी. परत भागीदारीत यायचे तर कंपनी विसर्जित झाल्यासारखा कर बसतो, म्हणून भाव वाढण्याजोगी इमारत कॉर्पोरेशनमध्ये ठेवू नये असे जाणकार सांगतात.