उपवास, वजन आणि पाळी: आमच्या लो-कार्ब डब्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

श्रावण लागला की आमच्या स्वयंपाकघरातला फोन सकाळी साडेसातलाच वाजू लागतो. "ताई, आज सोमवार, डबा नको." मग चतुर्थी, एकादशी, पुढे नवरात्र. आणि हल्ली तिथीशी संबंध नसलेले उपवासही असतात: "रात्रीचा डबा बंद करा, मी सोळा तास काही खात नाही." डबा बंद करायला आमची ना नाही. पण लो-कार्ब जेवण (म्हणजे पिष्ट आणि साखर, अर्थात कार्ब, कमी असलेलं) आणि उपवास हे दोन्ही एकदम सुरू केलं की शरीरात काय होतं, हे रोज फोनवर सांगणं होत नाही, म्हणून हा कागद डब्यासोबत देतोय.

आधी आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही 'उपवासाचा डबा' काढला होता आणि त्यात साबुदाण्याची खिचडी दिली. पुढे कधीतरी ती वजनकाट्यावर ठेवून हिशेब केला. एका माणसाच्या खिचडीत 60 ग्रॅम कोरडा साबुदाणा, अर्धा बटाटा, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. 100 ग्रॅममध्ये 87 ग्रॅमच्या आसपास कार्ब आणि प्रथिनं जवळपास शून्य. म्हणजे बशीभर खिचडीत 60 ते 65 ग्रॅम कार्ब. आमच्या रोजच्या डब्यातली भाकरी 40 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची असते, तिच्यात 27 ग्रॅम. भाकरी सोडून खिचडी खाल्ली तर दुपटीहून जास्त कार्ब पोटात जातात. वरून दुपारी रताळ्याचा कीस आणि संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही.

आता उपवासाच्या दिवशी आम्ही दाण्याची आमटी, लाल भोपळ्याचं भरीत, दही-काकडी, पनीर आणि राजगिऱ्याची एक लहान भाकरी देतो. राजगिऱ्यातही कार्ब असतात, पण त्यासोबत 100 ग्रॅमला 13-14 ग्रॅम प्रथिनंही मिळतात. भगर हवी असेल तर वाटीभरच. कोथिंबीर चालते की नाही, हा प्रत्येक घरचा वेगळा प्रश्न. आम्ही ती वेगळ्या पुडीत देतो.

काट्यावरचे पहिले दोन किलो

यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते आणि दर ग्रॅमसोबत तीन ग्रॅमच्या आसपास पाणी. कार्ब कमी केले किंवा उपवास धरला की हा साठा उतरतो, पाणीही जातं. शिवाय इन्शुलिन (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं हार्मोन) कमी झालं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकू लागतात, त्यामागे आणखी पाणी. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो आणि रविवारी लग्नात जेवलं की तितकाच वर जातो. दोन्ही वेळा चरबी जवळजवळ होती तिथेच असते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखतं, पायांत गोळे येतात, ते बहुधा या मीठ-पाण्यामुळे. मीठ घातलेलं ताक प्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मात्र मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. वजन उतरलं की ती गोळीच कमी करावी लागू शकते.

पुढची चरबी उतरते ती एकूण खाणं कमी झाल्यानं. 2018 साली स्टॅनफर्डच्या अभ्यासात 609 जणांना वर्षभर लो-फॅट किंवा लो-कार्ब आहारावर ठेवलं. सरासरी घट 5.3 आणि 6 किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. 2022 साली चीनमधल्या ग्वांगझूत 139 जणांचे उष्मांक सारखेच कमी केले आणि निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायला सांगितलं. त्यांचं वजन 8 किलोनं उतरलं, बाकीच्यांचं 6.3 किलोनं, हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. डॉ. दीक्षितांच्या दोन जेवणं-55 मिनिटं पद्धतीनं (दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत) जाणारे आमचे बरेच ग्राहक आहेत आणि त्यातल्या अनेकांना ती मानवते, कारण मधलं फरसाण आणि चहासोबतची बिस्किटं आपोआप सुटतात. घड्याळाचा उपयोग आमच्या मते एवढाच.

हार्मोन्सचं काय?

हा प्रश्न मुख्यतः पीसीओडी (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड, यालाच पीसीओएसही म्हणतात) असलेल्या मुली आणि त्यांच्या आया विचारतात. पीसीओडीत बऱ्याच जणींचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त सुटतं. जास्तीचं इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन्स अधिक बनवायला लावतं आणि त्यांना बांधून ठेवणारं प्रथिन यकृताकडून कमी बनू देतं. त्यातून हनुवटीवर केस, मुरुमं, लांबलेली पाळी. कार्ब कमी केले, वजन 5 ते 10 टक्क्यांनी उतरलं की पुष्कळदा पाळी सुधारते. पण हे काम फक्त लो-कार्बच करतं असं नाही. पीसीओएसवरची 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं कुठल्याच एका आहाराला वरचा क्रमांक देत नाहीत. डबा आमचा असूनही हे सांगतोय. आणि हो, पाळी नियमित होऊ लागली म्हणजे बीजही सुटू लागलं असेल. मूल नको असेल तर तीही काळजी आता घ्यावी लागेल.

याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. आमच्या एक ग्राहक ताई, मुळातच सडपातळ. लो-कार्ब डबा, त्यातही रात्रीचा बंद, सकाळी जिम, सोमवार-गुरुवार उपवास. चार किलो उतरले म्हणून त्यांनी आम्हाला पेढे पाठवले (आम्ही खाल्ले). दोन महिन्यांनी म्हणाल्या, "पाळीच आली नाही." इन्शुलिनशी याचा संबंध नव्हता. ऊर्जा फार कमी पडते आहे हे मेंदूला कळलं की अंडाशयाला जाणारे इशारेच मंदावतात. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे, व्यायामाचा खर्च वजा जाता, रोज 30 किलोकॅलरीपेक्षा कमी उरलं तर तरुण मुलींमध्ये अवघ्या पाच दिवसांत हा बदल मोजता आला आहे. असं वजन 40 किलो असलेल्या बाईसाठी तो आकडा 1200 येतो. आमच्या एका डब्यात 500 असतात. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

त्या ताईंना आम्ही रात्रीचा डबा भाकरीसकट परत सुरू करायला सांगितलं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तुमचीही पाळी चुकली तर आधी गरोदरपणाची चाचणी करा. तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवाच. आहारानं शरीर स्वच्छ होतंय, असं म्हणून थांबू नका.

थायरॉईडबद्दल थोडक्यात. लांब उपवासात टी-3 हे थायरॉईडचं हार्मोन खाली येतं, शरीर खर्च आवरतं. म्हणून कडक उपवासाच्या दिवसांत चाचणी करून घाबरू नका. थायरॉईडची गोळी उपवासालाही घ्यायचीच, नेहमीसारखी उपाशीपोटी पाण्यासोबत, आणि चहा अर्ध्या ते एक तासानंतर.

हे मात्र आधी सांगा

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर कार्ब कमी केल्यावर किंवा उपवासात साखर धोक्याइतकी उतरू शकते. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) चालू असतील तर धोका वेगळा: मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही, पण रक्त आम्लधर्मी होतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थेट दवाखाना गाठा. या गोळ्या घेणाऱ्यांचा लो-कार्ब डबा आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय सुरू करत नाही, मग कितीही ओळखीचे असोत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, टाइप 1 मधुमेही, आणि पूर्वी खाण्याशी वैर धरून आजारी पडलेली मुलं-मुली यांना आम्ही साधा डबा देतो.

हरतालिकेचा निर्जळ उपवास श्रद्धेचा विषय आहे, त्यात आम्ही पडत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी उपवास सोडताना एकदम गोडावर जाऊ नका. आधी ताक किंवा मुगाचं कढण घ्या. ते हवं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत व्हॉट्सॲपवर कळवा. संकष्टीचा रात्रीचा डबा चंद्रोदयाची वेळ बघून पाठवतो. मोदक मात्र आम्ही देत नाही, ते घरीच करा आणि एक खा.