औषध चालू असताना गाठ वाढते तेव्हा

मानेतल्या गाठींचा टीबी झालेल्या माणसाचा हात सारखा मानेकडे जातो. गोळ्या नेमाने चालू असतात, ताप गेलेला असतो, वजन वाढायला लागलेलं असतं आणि मध्येच तीच गाठ फुगते, दुखते, शेजारी नवी गाठही हाताला लागते. ‘औषध लागू पडत नाही’ असं वाटून धीर सुटतो. पण बऱ्याचदा तसं नसतं, आणि या समजापायी गोळ्या थांबवणं फार महागात पडतं.

गाठीत क्षयाचे जंतू तसे थोडेच असतात. सूज येते ती मुख्यतः त्यांच्याभोवती जमलेल्या आपल्याच पेशींमुळे. औषधाने जंतू मेले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे आणि प्रथिनं तिथेच पडून राहतात. आजाराने दबलेली प्रतिकारशक्ती एव्हाना सावरलेली असते, ती या अवशेषांवरही तुटून पडते आणि गाठ वाढते. डॉक्टर याला पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन म्हणतात. साधारण पाचांतल्या एका रुग्णात ती दिसते, बहुधा पहिल्या काही महिन्यांत, क्वचित उपचार संपल्यावरही.

अशा गाठीतल्या पुवाची जीनएक्स्पर्ट तपासणी पॉझिटिव्ह आली की घरचे आणखी घाबरतात. ही तपासणी जंतूचा डीएनए शोधते, आणि तो मेलेल्या जंतूचाही सापडतो. जंतू जिवंत आहेत का, हे कल्चरच, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणीच, सांगतं. त्याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. तेवढी वाट पाहावीच लागते.

मात्र प्रत्येक हट्टी गाठ पॅराडॉक्सिकल म्हणून सोडून देता येत नाही. डोस चुकताहेत का? जंतू रिफाम्पिसिन किंवा आयसोनिआझिड या टीबीच्या मुख्य औषधांना दाद देत नाहीत का? मुळात हा टीबीच आहे का? लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, गाठही मानेत येऊ शकते, आणि क्षयाच्या जंतूंचे काही भाऊबंद हुबेहूब अशाच गाठी करतात. म्हणून उपचारांआधी घेतलेला नमुना मोलाचा. बायोप्सीचा सगळा तुकडा फॉर्मॅलिन या नमुना टिकवणाऱ्या रसायनात टाकला, तर जंतू मरतात आणि कल्चरची संधीच जाते. एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवायला हवा. एवढ्याशा गोष्टीवर पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात, म्हणून रुग्णानेही याबद्दल विचारावं.

गाठ मऊ पडून पू झाला, तर बाजूच्या निरोगी कातडीतून जाड सुईने तो काढतात, गरज पडल्यास पुन्हा पुन्हा. सरळ चीर दिली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहण्याची भीती असते. दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या बहुधा पुरतात. सूज फारच असेल, श्वासनलिकेवर दाब येत असेल, तर डॉक्टर काही काळ स्टेरॉइड देतात. ते मनाने घेण्याचं औषध नव्हे. गाठ काढून टाकण्याची वेळ थोड्यांवरच येते.

औषधांना दाद देणाऱ्या टीबीत उपचार साधारणपणे सहा महिन्यांचे असतात. ते संपल्यावरही कित्येकांच्या मानेत लहानशी, टणक, न दुखणारी गाठ उरते. ती वाढत नसेल आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर केवळ तिच्यासाठी औषधं लांबवायची नसतात. नंतर ती वाढू लागली किंवा ताप परतला, तर जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करण्याआधी नवा नमुना घेऊन कल्चरला पाठवावा लागतो.