विमा दावा नाकारला, आता लोकपालांकडे अर्ज कसा करायचा? (नागपूर-विदर्भासाठी माहिती)

विमा लोकपाल म्हणजे विमाधारक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद कोर्टाबाहेर सोडवणारा अधिकारी. नागपुरात त्यांचं कार्यालय नाही. विदर्भ पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. पण त्यासाठी पुण्याच्या चकरा माराव्या लागत नाहीत. अर्ज विमा लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर भरता येतो, टपालानेही चालतो आणि सुनावणी व्हिडिओ कॉलवर होऊ शकते. शुल्क एक रुपयाही नाही. वकील किंवा एजंटला तुमच्या वतीने बाजू मांडता येत नाही, त्यामुळे 'टक्केवारी द्या, केस लावून देतो' म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या.

अर्ज कोण करू शकतो?

पॉलिसीधारक, नॉमिनी, कायदेशीर वारस. एकल मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसीही चालतात. मिहान किंवा बुटीबोरीतल्या कंपनीने काढलेल्या ग्रुप पॉलिसीतला कर्मचारीही पात्र आहे. त्याने एचआरकडून मूळ पॉलिसीच्या अटींची प्रत आधीच मागून ठेवावी. लोकपाल जास्तीत जास्त ५० लाख रुपयांपर्यंत भरपाई देऊ शकतात. २०२३ पर्यंत ही मर्यादा ३० लाख होती. त्याच वादावर ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात प्रकरण सुरू असेल, तर अर्ज घेतला जात नाही.

आधी कंपनीला लेखी तक्रार

बहुतेक अर्ज इथेच अडकतात. टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी त्रयस्थ संस्था) केलेला ईमेल, एजंटचं व्हॉट्सॲप, कॉल सेंटरचा तक्रार क्रमांक यांच्या भरवशावर राहू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवा आणि पोच जपून ठेवा. विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ या हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार कंपनीकडेच जाते, लोकपालांकडे आपोआप पोहोचत नाही.

कंपनीने तक्रार फेटाळली, उत्तर समाधानकारक नसलं किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर लोकपालांचा मार्ग मोकळा होतो. तिथून एक वर्षाची मुदत. मधल्या काळात स्मरणपत्रं पाठवत राहिलात म्हणून हे वर्ष नव्याने सुरू होत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार लोकपालांना आहे, पण त्यावर विसंबू नये.

कागदपत्रं

पॉलिसीची पूर्ण प्रत (फक्त पहिलं पान नव्हे, अटींसकट), नकाराचं पत्र, कंपनीला केलेली तक्रार आणि तिची पोच, डिस्चार्ज समरी, बिलं, ओळखपत्र, बँकेचा तपशील आणि लोकपाल कार्यालयाचा संमतीचा नमुना. किती रक्कम मागताय, तो आकडा अर्जात स्पष्ट लिहा.

मुद्दा कसा मांडायचा?

'अन्याय झाला' असं चार पानं लिहिण्यापेक्षा कंपनीने कोणत्या कलमावर बोट ठेवलं आणि ते इथे का लागू नाही, एवढंच मांडा. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य विम्याचा दावा कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या (दावे तपासणारी समिती) मंजुरीशिवाय नाकारता येत नाही आणि नकारात नेमकी अट नमूद करावी लागते. 'जुना आजार लपवला' हे कारण सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर टिकत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार हीच मुदत तीन वर्षांची आहे.

धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांच्या बिलांत खोलीभाड्याची कपात नीट पाहा. पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा रोज ५,००० आणि घेतलेली खोली ८,००० रुपयांची असेल, तर डॉक्टरांची फी वगैरे खर्चही ५/८ एवढाच मंजूर होतो, बाकीचा कापला जातो. मात्र औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्या खर्चाला ही कपात सहसा लागत नाही. कंपनीने सगळ्या बिलाला सरसकट कात्री लावली असेल, तर कपातीचा हिशेब लेखी मागा आणि पॉलिसीतल्या व्याख्येशी ताडून पाहा. असा आकडेवारीचा अर्ज कोणत्याही भावनिक पत्रापेक्षा जड ठरतो.

निकाल

दोन्ही बाजू तयार असल्या तर लोकपाल आधी तडजोड घडवतात. नाही जमली, तर सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा. तो कंपनीला बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. आरोग्य विम्यात उशीर झाला तर रोज ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. तुम्हाला निवाडा मान्य नसेल, तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो. तिथली मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, म्हणून नकारपत्राची तारीख डोळ्यांसमोर ठेवूनच आधी लोकपालांकडे जा.