बोटीच्या मोटरवर पाउंड लिहिलेत, एचपी का नाही?

मिनेसोटात उन्हाळा सुरू झाला की आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आंब्याच्या पेट्यांनंतर नंबर लागतो तो मासेमारीचा. यंदा एकाने सेकंडहँड चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतली आणि विचारलं, इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर किती एचपीची घेऊ? लगेच धडाधड उत्तरं, "एचपी सोड, पाउंड बघ, जेवढे जास्त तेवढी सुसाट पळेल!" यातलं पाउंड बघ हे बरोबर (हे वजनाचे पाउंड नव्हेत, मोटर बोटीला किती जोराने ढकलते त्याचं माप), सुसाट पळेल हे साफ चूक.

ट्रोलिंग म्हणजे बोट ताशी ३-४ किलोमीटरने रमतगमत न्यायची आणि मागून गळ ओढत ठेवायचा, वॉलआय मासा असाच धरतात इथे. (रत्नागिरीचे ट्रॉलर आणि त्यांची जाळी डोळ्यासमोर आणू नका, तो धंदा वेगळा.) या मोटरचा जन्मही इथलाच, शेजारच्या नॉर्थ डकोटात फार्गोला ओ. जी. श्मिट नावाच्या माणसाने १९३४ साली गाडीच्या स्टार्टर मोटरला पंखा जोडून ही भानगड सुरू केली, आणि त्याच्या कंपनीचं नाव मिन कोटा, मिनेसोटा अधिक डकोटा.

आता एचपी. ५५ पाउंडाची मोटर फुल स्पीडला १२ व्होल्टवर साधारण ५० अँपिअर खाते, म्हणजे ६०० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे बंगल्याच्या टाकीत पाणी चढवणारा पंप असतो ना, जेमतेम तेवढीच ताकद, आणि ती माणसं-सामान धरून ४०० किलोची बोट हलवते. कशी? इथेच खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबतो.

पंखा पाणी मागे ढकलतो म्हणून बोट पुढे जाते, हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेत झालाय. ढकल किती, तर दर सेकंदाला किती किलो पाणी मागे टाकलं गुणिले किती वेगाने टाकलं. पण त्याला लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. आता १० किलो पाणी सेकंदाला १० मीटर वेगाने फेका, ढकल मिळाली १०० न्यूटन, खर्च ५०० वॅट. त्याऐवजी १०० किलो पाणी फक्त १ मीटर वेगाने सारा, ढकल तीच १०० न्यूटन, खर्च ५० वॅट! दहापट स्वस्त. म्हणजे नुसत्या एचपीवरून ढकल कळत नाही, म्हणून मोटरवर ढकलीचे पाउंड लिहितात. म्हणून या मोटरचा पंखा मोठा, सावकाश फिरणारा, भरपूर पाणी हळूच सारणारा असतो. ५५ पाउंड म्हणजे २४५ न्यूटन, आणि २५ सेंटीमीटर व्यासाच्या पंख्याने जागच्या जागी एवढी ढकल द्यायला गणिताने किमान ३८० वॅट लागतातच, म्हणजे ६०० वॅटमधून २४५ न्यूटन काढणारी मोटर अजिबात वाईट नाही. आणि अजून एक, या हिशोबात पॉवर ढकलीच्या दीडाव्या घाताने वाढते (घात नको असेल तर हे वाक्य सोडा), म्हणजे ढकल अर्धी केली तर पॉवर अर्धी लागत नाही, ३५ टक्केच लागते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तो पाउंडाचा आकडा जागेवर बांधलेल्या बोटीचा असतो, बोट चालू लागली की ढकल कमी होत जाते, कारण समोरून येणारं पाणी आधीच वेगात असतं आणि पंखा त्याला आणखी किती वेग देणार? वेगाची हद्द पंख्याचे फेरे आणि पात्यांचा पीळ ठरवतात. त्यामुळे ४० पाउंड लावा नाहीतर ८०, ताशी ६-८ किलोमीटरच्या आसपासच गाडी अडते. दुसरी, हळू चालवण्यात प्रचंड बचत आहे, पण ती पदरात पडते का ते स्पीड कंट्रोलवर ठरतं. जुन्या पाच-स्पीडवाल्या मोटरी कमी स्पीडला उरलेली वीज रेझिस्टन्सच्या वेटोळ्यात जाळून टाकतात, नव्या सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच देतात. चार पैसे जास्त द्यायचेच असतील तर इथे द्या.

मग जास्त पाउंड हवेत कशाला? वाऱ्यासाठी. दुकानात सांगतात १०० पाउंड वजनाला २ पाउंड थ्रस्ट (म्हणजे ढकल), म्हणजे आपल्या ४०० किलोच्या, साधारण ८८० पाउंडाच्या बोटीला १८ पाउंड. आता वारा धरा. आडव्या बोटीची आणि बसलेल्या माणसांची मिळून २ चौरस मीटर आडोशाची जागा म्हटली तर ताशी १८ किलोमीटरचा वारा साधारण ३० न्यूटनने, म्हणजे ७ पाउंडाने लोटतो. वारा दुप्पट, ताशी ३६, झाला की लोट चौपट, २७ पाउंड. झालं, १८ वाली मोटर घेऊन तुम्ही उलटे किनाऱ्याला! हल्लीच्या जीपीएसवाल्या मोटरी नांगर न टाकता बोट एका जागी धरून ठेवतात, त्यांची सगळी झटापट याच वाऱ्याशी असते. म्हणून या बोटीला मी ५५ म्हणेन, १२ व्होल्टवर साधारण तेवढंच मिळतं. ८० साठी २४ व्होल्ट, १०० च्या वर ३६, म्हणजे बॅटऱ्याही दोन नाहीतर तीन.

इथल्या कोळ्यांची ठाम समजूत आहे की बोटीवर केळं नेलं की मासा लागत नाही. शिकलेसवरलेले इंजिनियर डब्यातलं केळं गाडीत ठेवून येतात. नव्या बोटीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या आपण त्यांना काय हसायचं म्हणा, पण केळ्यातल्या पोटॅशियमचा आणि गळाचा काही संबंध नाही. तितकंच पोकळ ते ऑनलाइन जाहिरातीतलं "पीक थ्रस्ट", किती वेळ आणि किती अँपिअरला ते कुठेच लिहिलेलं नसतं.

बॅटरीचं मात्र नीट बघा, निम्मे पैसे तिथेच जातात. लेड अ‍ॅसिडवर १०० अँपिअर-अवर लिहिलेलं असतं ते २० तासांत हळूहळू काढली तर, ५० अँपिअरने ओढलीत तर बरंच कमी मिळतं, शिवाय निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. वजन ३० किलोच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेटची त्याच आकड्याची १२-१३ किलोची, जवळजवळ सगळी वापरता येते, पण महाग, आणि शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, तेव्हा मिनेसोटाच्या थंडीत ती गॅरेजमध्ये चार्जरला लावून ठेवू नका, घरात आणा. बॅटरीजवळ ब्रेकर हवाच. आणि मोटरच्या दांडीची लांबी मोजून घ्या, पंख्याचा वरचा काठ पाण्याखाली फूटभर राहिला पाहिजे, नाहीतर लाटेत पंखा हवा घुसळत बसतो.