पट्टकदंब हंस खरंच एव्हरेस्टवरून येतो का? एका दाव्याची पार्श्वभूमी

भिगवण, जायकवाडी किंवा नांदूर मध्यमेश्वरला पट्टकदंब हंसांचे थवे उतरले, की 'एव्हरेस्ट ओलांडून आलेला पाहुणा' हे शब्द बातम्यांत हटकून येतात. पाणथळीच्या काठावर गवत खुडणारा, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा दोन-तीन किलोंचा पक्षी हिमालय ओलांडतो, याबद्दल वादच नाही. वाद आहे तो उंचीचा.

या दाव्याचं मूळ १९५०च्या दशकातल्या हिमालयातील मोहिमांत सापडतं. मकालू परिसरात मुक्काम केलेल्या एका जीवशास्त्रज्ञाला रात्री डोक्यावरून जाणाऱ्या हंसांचे आवाज ऐकू आले आणि थवा थेट शिखरांवरून चालला असावा, असा तर्क त्याने केला. पक्षी दिसले नव्हते, फक्त ऐकू आले होते. अंधारात नुसत्या आवाजावरून उंची कशी सांगणार? पण पुढे लिहिणाऱ्यांनी 'असावा' गाळला आणि मकालूच्या शेजारचं एव्हरेस्ट त्या जागी आपोआप येऊन बसलं.

नंतरची काही दशकं शरीरशास्त्रज्ञांची. या हंसाच्या हिमोग्लोबिनमधला एक अमिनो आम्लाचा बदल प्राणवायू घट्ट धरून ठेवायला मदत करतो, हे १९८०च्या दशकात मांडलं गेलं. संशोधन पक्कं होतं, पण त्याचा उपयोग मात्र त्या ऐकीव गोष्टीला शास्त्राचा आधार आहे असं सांगण्यासाठीच जास्त झाला.

खरी कलाटणी मिळाली ती २००५ साली, तीही वेगळ्याच कारणाने. चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो वन्य पक्षी मेले आणि त्यांत पट्टकदंबांची संख्या मोठी होती. विषाणू कुठून कुठे जातो हे शोधायचं, तर पक्षी कुठून कुठे जातात हे आधी कळायला हवं. म्हणून मंगोलिया, चीन आणि भारतात (ओडिशातलं चिलिका, तमिळनाडूतलं कुंतनकुळम) हंसांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर बसवले गेले. उंचीचा प्रश्न तसा जाता जाता सुटत गेला.

२०११ साली आलेले पहिले निष्कर्ष हंसांच्या चाहत्यांना सुखावणारे होते. सखल भागातून निघालेले हंस सात-आठ तासांत हिमालय चढून जातात, तेही वर ढकलणाऱ्या वाऱ्याची वाट न पाहता. दुपारी दरीतून वर चढणारा वारा सोडून ते रात्री आणि पहाटे उडतात, कारण तेव्हा हवा थंड, दाट आणि शांत असते. गिधाडासारखं पंख पसरून तरंगणं नाही, सगळा प्रवास पंख मारत.

त्यानंतर ९१ हंसांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या आणि एव्हरेस्टची गोष्ट अडचणीत आली. ९५ टक्के नोंदी ५,४८९ मीटरच्या खालच्या निघाल्या. सर्वांत उंच नोंद ७,२९० मीटरची, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा दीड हजार मीटर खाली. हंस शिखरांवरून नव्हे, दऱ्यांतून जातात आणि त्यासाठी सरळ रेषेपेक्षा ११२ किलोमीटरचा जादा वळसा पत्करतात. यावर 'ज्यांच्यावर यंत्र नव्हतं ते कदाचित वरून गेले असतील' असा युक्तिवाद होतो. तो खोडून काढता येत नाही हे खरं, पण मग कुठल्याही पक्ष्याबद्दल काहीही म्हणता येईल. उंचीचा विक्रमच हवा असेल तर १९७३ साली आयव्हरी कोस्टवर सुमारे ११,३०० मीटरवर विमानाला धडकलेलं रुपेल गिधाड आहे. त्याची ओळख पिसांवरून पटली होती.

२०१५च्या अभ्यासात हंसांच्या शरीरात बसवलेल्या नोंदयंत्रांनी हृदयाचे ठोके आणि पंखांची गती मोजली. एकदा कमावलेली उंची हंस टिकवून ठेवत नाहीत. जमीन खाली गेली की तेही खाली येतात आणि पुढच्या चढाला पुन्हा चढतात. वरकरणी हा वेडेपणा वाटतो. पण विरळ हवेत पंख जेमतेम पाच टक्के जलद मारले तरी ठोके १९ टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे दाट हवेत उतरून पुन्हा चढणंच स्वस्त पडतं. ज्याला उंचावर राहणं इतकं महाग पडतं, तो हौसेने एव्हरेस्ट का गाठेल?

एव्हरेस्टवाल्यांचा हल्लीचा आधार म्हणजे २०१९चा कॅनडातला प्रयोग. पिल्लं असल्यापासून माणसाळवलेल्या हंसांना मुखवटे लावून वाऱ्याच्या बोगद्यात उडवलं गेलं. एव्हरेस्टच्या माथ्याइतका कमी प्राणवायू असतानाही त्यांतले काही उडाले. ते उडाले की रक्ताचं तापमान उतरायचं, आणि थंड रक्त जास्त प्राणवायू वाहून नेतं. मात्र तिथे फक्त प्राणवायू कमी केला होता. बोगद्यातल्या हवेची घनता जमिनीवरच्यासारखीच होती, त्यामुळे विरळ हवेत पंखांना आधार मिळवण्याची कसरत त्या हंसांना करावीच लागली नाही. शिवाय ही उड्डाणं मिनिटांची होती, हिमालयाचा चढ तासांचा असतो.